सगळी माणसं वर आली

कारगिलनंतरच्या काही वर्षांत आमचं युनिट नाशिकजवळ होतं. मी लष्कराच्या इंजिनिअर्समध्ये हवालदार. निफाड तालुक्यातला, घराण्यातला पहिला बी.ए. हे मी मानाने सांगतो.

रोजचं काम ठरलेलं. सकाळी पीटी, मग बोटी आणि त्यांची इंजिनं तपासायची. गोदावरीला पूर आला तेव्हा आमची बोट माझ्याच तालुक्यातल्या एका गावी गेली. इंजिनावर लान्स नायक बलविंदर सिंग, गुरदासपूरचा.

गाव शाळेच्या स्लॅबवर चढलं होतं. बलविंदरला बघून कुणीतरी ओरडलं, "सरदारजी, बारा वाजले का?"

"बज गए. चल, बैठ."

दुपारपर्यंत सगळ्यांना वरच्या रस्त्यावर सोडलं. मी सरपंचांना विचारलं, "आप्पा, अजून कोणी अडकलंय?"

"नाय. सगळी माणसं वर आली."

मी वायरलेसवर तसा रिपोर्ट दिला. तेवढ्यात बलविंदरने इंजिन बंद केलं.

"उस्ताद, उधर बर्तन कौन पीट रहा है?"

नदीकडच्या मळ्यातून घमेलं बडवल्याचा आवाज येत होता.

"ते व्हय?" आप्पा म्हणाले. "टमाट्याच्या तोडणीला आलेले सुरगाण्याचे मजूर. ते गावातले नाय."

आप्पा खोटं बोलत नव्हते. त्यांच्या हिशेबात माणसं खरंच संपली होती. माझा आजही संताप होतो तो याचाच.

"रोमिओ वन, रिपोर्ट चुकीचा. लोक बाकी आहेत. ओव्हर," मी वायरलेसवर कळवलं.

"जा. ओव्हर," कॅप्टनसाहेब म्हणाले.

विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीवर नऊ जण दाटीवाटीने बसले होते. बलविंदर छातीभर पाण्यात उतरला, भिंतीला टेकून एकेकाला खांद्यावरून बोटीत देऊ लागला. शेवटची म्हातारी. तिला खोलीचा पत्रा सोडवेना.

"छोड़ दे, माई. मैं हूँ ना."

तिने हात सोडले. मी तिला आत ओढलं आणि खोलीची भिंत खचली. बलविंदर भिंतीखाली गेला. आम्ही अंधार पडेपर्यंत दोर टाकत राहिलो. पाणी उतरल्यावर तो विटांखालीच सापडला.

पुढच्या पंधरा ऑगस्टला गावाने चौकात बोर्ड लावला. "या गावाच्या रक्षणार्थ वीरमरण."

मी आप्पांना म्हणालो, "मजुरांना वाचवताना गेला, असं लिहा."

"फौजी, बोर्ड गावचा हाय. त्यात त्यांचं काय काम?"

"मग त्याचं तरी काय काम? तो पंजाबचा."

"तो आपला जवान हाय."

रिटायर होऊन गावाकडे आल्यावर मी तीनदा अर्ज केला. बोर्डाला नवा रंग मिळाला, अक्षरं तीच राहिली. दरवर्षी तिथे हार पडतो, भाषण होतं. मी जात नाही.

गावकऱ्यांनो, गुरदासपूरच्या माणसाला तुम्हीही परके होतात, सुरगाण्याचे मजूरही परके. त्याने कुणालाच गाव विचारलं नाही. लान्स नायक बलविंदर सिंग नऊ मजुरांना वाचवताना गेला. बोर्डावर नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.