सिनेमातला बाबा परत येतो

माझ्या थोरल्या जाऊबाईंना आमच्या सबंध इमारतीत ‘कात्री’ म्हणतात. नाव मीच ठेवलंय आणि हे त्यांना ठाऊक आहे. सारा जन्म प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेला. निवृत्त झाल्यावर जरा स्वस्थ बसतील म्हणावं, तर सिनेमे तपासणाऱ्या मंडळाने बोलावून घेतलं. कुठला सिनेमा कुणी बघावा हे ठरवणारं ते मंडळ. एक अधिकारी सोडला तर बाकी तुमच्याआमच्यासारखी माणसं असतात, कुणी डॉक्टर, कुणी वकील. मुलांचा सिनेमा आला की वहिनींना बोलावणं ठरलेलं.

तेव्हापासून त्यांच्यासमोर टीव्ही लावायची सोय राहिली नाही. कुणी कुणाच्या कानाखाली वाजवली की ह्यांची भुवई वर. मी म्हणते, “वहिनी, तुमच्या हातात दिलं तर तुम्ही बातम्यांनाही कात्री लावाल.” त्या म्हणतात, “लावायलाच हवी.” आणि हसत नाहीत.

पण काम मात्र मनापासून करायच्या. बाकीची मंडळी मागच्या मऊ खुर्च्यांत रेलून बसत. वहिनी एकट्या पहिल्या रांगेत, तेही खुर्चीत इतक्या खाली घसरून की मान अवघडायची. मुलांना सगळं मान वर करूनच बघावं लागतं, पडद्यावरचा माणूस त्यांना डोंगराएवढा दिसतो, असं त्यांचं म्हणणं. आणि सिनेमा संपला की स्वतःला एकच प्रश्न विचारायच्या, घरातल्या पोरीला हाताला धरून ह्याला नेईन का?

घरातली पोर म्हणजे त्यांची नात, भिंगरी. दुसरीत आहे. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. तिचा बाबा, वहिनींचा एकुलता एक मुलगा, पुलाच्या कामावर इंजिनिअर होता. गेल्या वर्षी पुराच्या पाण्यात त्यांची होडी उलटली. बरोबरचे दोघे सापडले. हा सापडला नाही.

वहिनी आजवर तेवढंच म्हणत आल्या, ‘सापडला नाही.’ त्यापुढचा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. मोठ्यांना त्याचा अर्थ कळतो. पोरीला कसा कळणार? ती म्हणायची, “मग शोधा ना.” शेवटी सूनबाईंनी मन घट्ट केलं. लेकीला समोर बसवून सांगितलं, बाबा वारला, आता तो येणार नाही. एकदा सांगून भागलं नाही. आंघोळ घालताना, वेणी घालताना, शाळेच्या रस्त्यावर, पोर विचारेल तेव्हा आणि तितक्यांदा, आवाज न चढवता सांगितलं. वर्षभर त्या बाईने हेच केलं. मग एक दिवस भिंगरीने वर्गात बाईंना आपणहून सांगितलं, “माझा बाबा वारला.” सूनबाई त्या संध्याकाळी माझ्या ओट्यापाशी उभ्या राहून ढसाढसा रडल्या. सुटल्यासारख्याही वाटल्या मला.

अशात तो सिनेमा तपासायला आला. आई, बाबा, दोन मुलं डोंगरात हरवलेला खजिना शोधायला निघतात. गुहा, झुलते पूल, मागावर बदमाश, सगळं यथासांग. शेवटाकडे दोर तुटायला येतो. मुलं वाचावीत म्हणून बाप आपल्या बाजूचा दोर स्वतःच कापतो आणि खाली नदीत पडतो. आई मुलांना घेऊन घरी येते. मुलं हळूहळू सावरतात. सिनेमा संपतो.

दिवे लागल्यावर बाकीचे म्हणाले, छान आहे, मारामारी बेताची आहे, आईवडिलांबरोबर बघू द्या मुलांना. वहिनी म्हणाल्या, “वडील मेलेले चालणार नाहीत.” दिग्दर्शकाला आत बोलावलं. काटकुळा, कालपरवा मिसरूड फुटलेला. तो म्हणाला, “मॅडम, बाबा नसताना मुलं कशी उभी राहतात, त्याचाच तर सिनेमा आहे.” वहिनी म्हणाल्या, “ते शिकवायला शाळा आहेत.” त्या अशा पाय रोवून बसल्या की कुणाचं चालेना. निर्मात्याला तर सगळ्या वयाच्या पोरांना थेटरात आणायचं होतं. त्याने नवा शेवट चित्रित करून आणला. दाराची बेल वाजते, मुलगी धावत जाऊन दार उघडते, दारात बाबा. दाढी वाढलेली, कपाळाला पट्टी, अंगावर चिखल, पण धडधाकट. वहिनींनी डोळे पुसले आणि ‘सर्वांसाठी’ म्हणून सही केली.

हे सगळं त्यांनीच मला चहा पिता पिता सांगितलं. “अगं, एकदम निर्मळ झाला बघ सिनेमा.” वर्षभरात मी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. मग बोलता बोलता म्हणाल्या, “ह्या वेळी मी मागे दाराजवळ बसले होते. ते नदीचं पाणी पुढून बघवेना.” मी ऐकलं आणि कप विसळायला उठले. तेव्हाच काही बोलले असते तर त्यांनी ऐकलं असतं असं मला वाटत नाही. त्या कुणाचं ऐकतात?

सिनेमा लागल्यावर भिंगरीला आणि मला घेऊन त्या ऐटीत थेटरात गेल्या. सूनबाई कामावर होत्या. सिनेमा मुलांचा आहे आणि आजीने तपासलेला आहे म्हटल्यावर त्यांनी काही विचारलं नाही. बाप नदीत पडला तशी भिंगरीने माझा हात असा आवळला की नखं रुतली. वहिनी वाकून तिच्या कानात म्हणाल्या, “घाबरू नको, पुढे बघ.” पुढे बेल वाजली, दार उघडलं, सगळं थेटर टाळ्या वाजवायला लागलं. आमची भिंगरी तेवढी हात मांडीवर ठेवून बसली होती.

“तो पण सापडला नव्हता,” ती म्हणाली.

पलीकडे वहिनींनीही ऐकलं होतं. त्या पडद्यावरची नावं शेवटपर्यंत वाचत राहिल्या, आयुष्यात कधी न वाचल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी बाबाचे बूट दारात आले. माळ्यावरच्या खोक्यातून तिने ते कसे काढले तिलाच ठाऊक, स्टुलावर उशी ठेवून चढली असणार. “त्याचे पाय ओले असतील ना,” म्हणाली. मग बेल वाजली की धूम. दूधवाला, शेजारीण, मीटर बघायला आलेला माणूस, प्रत्येकाला पोर आधी उजळलेलं आणि मग पडलेलं तोंड दाखवायची. खाली खेळायला जाणं बंद झालं. शेवटी शाळेत जाणंही बंद झालं, कारण सिनेमात दार मुलीनेच उघडलं होतं. ती शाळेत असताना बाबा आला तर दार कोण उघडणार? आजी दुपारी झोपली की तिला बेल ऐकूच येत नाही. हे मात्र खरं होतं.

वहिनींनी आधी गोडीने सांगून पाहिलं, मग खाऊचं आमिष दाखवलं, मग बूट उचलून आत ठेवले. पोर हातपाय आपटून रडली. बूट परत दारात गेले.

सूनबाईंनी दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या कामावरून आल्या आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. मी तिथेच भाजी निवडत होते. उठून जावं तर वाट त्यांच्याच अंगावरून.

“आई, काय दाखवलंत तुम्ही तिला?”

“अगं, चांगला शेवट आहे त्याचा.”

“कुणासाठी चांगला?” सूनबाईंचा आवाज चढला नाही, तो कधीच चढत नाही. “मी वर्षभर तिच्याशी खरं बोलले. मला काय कमी जड गेलं? आता ती मला म्हणते, तुला माहीत नाही, तू तो सिनेमा बघितला नाहीस. मी खोटी पडले, आई. उद्या ती शाळेत गेली नाही तर मी तिला घेऊन माझ्या आईकडे राहायला जाते. तिथल्या दारात तरी ती कुणाची वाट बघणार नाही.”

वहिनी स्टुलावर बसल्या. नात गेली तर त्या घरात त्यांचं काय उरणार होतं, हे आम्हां तिघींनाही कळत होतं. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. राग आधी बाहेर पडला.

“वहिनी, दर सिनेमाला पहिल्या रांगेत बसलात आणि नेमक्या त्या दिवशी मागे बसलात. पोरीसाठी बघितलाच नाहीत तुम्ही तो सिनेमा.”

एरवी मला त्यांनी तिथेच सोलून काढलं असतं. त्या नुसत्या उठल्या, कोरडेच हात पदराला पुसले आणि बाहेर दाराशी गेल्या. भिंगरी बुटांशेजारी जमिनीवर बसली होती. गुडघे दुखतात म्हणून ज्या कधी खाली बसत नाहीत, त्या भिंतीला धरून तिच्याजवळ बसल्या.

“तुला एक सांगायचंय. आधी त्या सिनेमात तो बाबा परत आलाच नव्हता.”

“मेला होता?”

“हो. मीच त्यांना म्हटलं, त्याला परत आणा. म्हणून त्यांनी आणला.”

मला वाटलं आता पोर भोकाड पसरणार. झालं उलटंच. तिचे डोळे चमकले.

“तुझं ऐकतात ते?”

“ऐकतात.”

“मग आपल्या बाबाचं पण सांग ना त्यांना.”

आतल्या दारात मी आणि सूनबाई उभ्या होतो. सूनबाईंनी माझा दंड धरला. वहिनींनी तिचा हात हातात घेतला.

“ते सिनेमातलं असतं, राणी. खऱ्यातलं कुणाच्याच हातात नसतं. आपला बाबा वारला. तुझी आई सांगते तेच खरं आहे.”

तो शब्द त्या पहिल्यांदा बोलल्या. भिंगरी त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली, शाळेत वहिनी चुकलेल्या पोराकडे बघत असतील तशी.

“मग त्याला कशाला आणलंस?”

“मला हवा होता गं,” वहिनी म्हणाल्या. “मलाच हवा होता माझा मुलगा.” आणि वर्षभर ज्या बाईने आमच्यादेखत डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं ती तिथे त्या बुटांपाशी हमसून हमसून रडायला लागली. भिंगरी आधी घाबरली, मग तीही रडायला लागली. सूनबाई जाऊन दोघींच्या मध्ये बसल्या. पर्स अजून खांद्यावरच होती.

तेवढ्यात बेल वाजली. भिंगरीने मान वर केली, दाराकडे बघितलं, पण ती उठली नाही. कुणीच उठेना, तेव्हा मी तिघींना ओलांडून गेले आणि दार उघडलं. इस्त्रीचे कपडे आले होते.