चाळीस सागांची तक्रार

माणसावर संशय घ्यायला मला फार वेळ लागत नाही. बायको म्हणते, तुम्ही दूधवाल्याचीसुद्धा उलटतपासणी घेता.

मेची सुट्टी संपवून गावाहून सिल्वासाला परतलो, मी शिकवतो त्या शाळेच्या मागे गेलो आणि डोकंच फिरलं. दोन वर्षांपूर्वी मुलांना घेऊन लावलेले माझे चाळीस साग जमिनीलगत कापलेले! हे काम आमच्या माळ्याचं. खानवेलहून बसने येणारा, रोजंदारीवरचा म्हातारा. त्याने नाकारलंही नाही.

"गुरांनी शेंडे खाल्लेले, सर. सगळे वाकडे वाढत होते. आता बुंध्यातून सरळ फुटतील. एक फुटवा ठेवायचा, बाकीचे काढायचे."

"काका, मला शिकवता? आणि लाकडं कुठे गेली?"

"स्वयंपाकघरामागे रचलीत."

जाऊन पाहिलं. ढीग होता, पण मला तो कमीच वाटला. बाकीचा खानवेलला गेला असणार, दुसरं काय! मी लेखी तक्रार दिली. मुख्याध्यापिकाबाईंनी त्याला घरी बसवलं आणि मला म्हणाल्या, "कापल्याने झाडं मरतात, याचा काहीतरी आधार जोडा."

आधार शोधताना आठवडे गेले. शेवटी टोकरखाडा भागातल्या माझ्या घरी संगणकावर एक जुनं इंग्रजी पुस्तक सापडलं, काही शतकांपूर्वीचं. इंग्लंडात जहाजांना लाकूड पुरेना, तेव्हा तिथल्या जमीनदारांनी झाडं कशी लावावीत, कशी राखावीत, यावरचं. म्हटलं, मिळाला पुरावा. वाचत गेलो. ओक या तिकडच्या झाडाचं रोप वाकडं झालं किंवा गुरांनी खाल्लं, तर ते जमिनीलगत कापावं, असं तिथे लिहिलेलं. फुटव्यांतला सगळ्यात सरळ तेवढा ठेवावा.

आधी मी पुस्तकावरच संशय घेतला. ओकचं सागाला कसं लागू पडेल? सकाळी शाळेमागे गेलो. महिन्याभरात मी तिकडे रागाने फिरकलोच नव्हतो. प्रत्येक बुंध्यातून चार-पाच फुटवे आलेले, गुडघ्याएवढे, पट्टीने आखल्यासारखे सरळ. लाज वाटली मला. तेच शब्द म्हाताऱ्याने सांगितले, तेव्हा मी लाकडं मोजत होतो.

तक्रार मागे घ्यायला गेलो. बाई म्हणाल्या, "आता उशीर झाला, सर. दुसरा माणूस ठरलाय, सोमवारपासून येतोय."

रविवारी त्या पानाची छापील प्रत घेऊन खानवेलला गेलो. म्हातारा अंगणात कुंपण बांधत होता. मी माफी मागितली आणि पान मराठीत वाचून दाखवलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं.

"बरोबर लिहिलंय," तो म्हणाला. "त्या साहेबाला कुणी कामावरून काढलं नाही ना?"

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. नव्या माणसाचं अजून सांगायचं होतं. त्याने घरच्यांना पाणी आणायला सांगितलं आणि विचारलं, "मग उद्या किती वाजता येऊ, सर?"