समुद्राची फळी तलावात
सर्फिंग म्हणजे लाटेवर ऐटीत उभं राहणं, असं ज्याला वाटतं त्याला मी एकदा फळीवर पालथं झोपवणार आहे! उभं राहणं क्षणभराचं. बाकी सगळा वेळ पोटावर झोपून दोन्ही हातांनी पाणी मागे लोटायचं. कोकणात पर्यटकांना हे शिकवता शिकवता माझा उजवा खांदा असा धरला, की पावसाळ्यात काम बंद झाल्यावर फळी घेऊन भंडारा जिल्ह्यातल्या माझ्या गावी, बपेऱ्याला घरी आले तेव्हा वेणी घालायलासुद्धा हात वर जाईना.

भंडाऱ्याच्या फिजिओथेरपिस्टताईंनी समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलेला. पण मला पालथं झोपवून हात मारायला लावले आणि लगेच म्हणाल्या, "छाती उचलतच नाहीस तू. पाठ काम करत नाही, म्हणून सगळा भार खांद्यावर. चिखलात वाकून धानाचा रोवणा करत मोठी झालीस ना? तुझ्या पाठीला पुढे वाकणंच माहीत आहे."

अरे देवा, खरंच की! मग सुरू झालं पाठ मागे वाकवणं, खाटेच्या पायाला रबरी पट्टा बांधून ओढणं. ताईंची अट एकच. दसऱ्याआधी गावच्या तलावात, ताईंच्या डोळ्यांदेखत, फळीवर हात मारत पलीकडच्या मातीच्या पाळीपर्यंत जाऊन परत यायचं. जमलं नाही तर हा हंगाम विसरायचा. हंगाम विसरायचा! मी दुप्पट जोरानं पट्टा ओढायला लागले.

माय रोज माझ्या खांद्याला मोहाच्या बियांचं तेल चोळायची. एकदा तिचा तेलकट हात फळीला लागणार, तर मी किंचाळलेच, "माय, फळीले नको! तेल लागलं त घसरून पडीन मी!"

"बरं वं, बोंबलू नको," ती म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी अर्धं गाव तलावाच्या पाळीवर. "इस्त्रीचा टेबल पाण्यात कायले नेऊन राहिली वं?" कोणीतरी ओरडलं. मी हसतच फळीवर झेप घेतली आणि धप्पकन पलीकडे पाण्यात! पुन्हा चढले, पुन्हा धप्प. पाळीवर हशा पिकला. ताईंच्या कपाळावर आठ्या. मी फळीला नाक लावलं. मोहाचं तेल!

मायकडे पाहिलं. ती कमळाच्या पानांकडे बघत होती.

"माय, काहून?" संतापानं माझा आवाज फाटला.

ती पाण्याजवळ आली. "पडलीस त घरी रायशील वाटलं," ती हळूच म्हणाली. "तू गेली का मी दिवसभर कोनासंग बोलू?"

राग होताच, पण रडूही आलं. तेवढ्यात तीच तरातरा घरी गेली, राख आणि धानाच्या तणसाचा बोळा घेऊन आली, साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरली आणि करपलेलं पातेलं घासावं तशी फळी खसाखसा घासू लागली. "चढ आता," म्हणाली.

चढले. छाती उचलली, हात मारले. पाठीनं भार घेतला आणि खांदा गप्प! पलीकडची पाळ शिवले, वळले आणि आनंदानं ओरडत परत आले. ताईंनी माझा हात सगळीकडून फिरवून पाहिला, खांदा दाबला.

"जा समुद्रावर," त्या हसून म्हणाल्या.

माय अजून पाण्यातच उभी होती, राखेनं हात काळे झालेले.

"नीट घासली होती ना वं मी?" तिनं विचारलं.