पिलावरची मरळ

लग्नाला तीन महिने झाले होते. आषाढ लागला होता. भामाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती आणि कुडाच्या पलीकडं, अंगणात, सासरे तिच्या नवऱ्यावर तोंड टाकत होते.

"नरस्या, खरं सांग. ही मरळ कुठली?"

"नदीतली. अजून कुठली असते?"

"बेशरमीच्या झुडपांच्या बेटापसली ना? पिलांनी पाणी लाल दिसलं असंल तिथं. पिलं होती का न्हाई तिच्याजवळ?"

नरसिंग गळाचा दोरा गुंडाळायला लागला.

"पिलावरची मरळ भुकेनं गळ धरत न्हाई रे. पिलांत काय पडलं म्हणून अंगावर धावून येती. तिला धरायला अक्कल लागत न्हाई, नुसती लाज सोडावी लागती."

"बाबा, एक मासा आणला तर..."

"एक मासा! आता जा अन् बघत बस, हजार पिलं कोण राखतंय ते."

भामाबाईची भाकरी तव्यावर करपली. मासा तिनंच मागितला होता. तिचं माहेर हदगावकडं, कोरडवाहू गावात. "नदीकाठच्या घरी दिली म्हणं, अन् मासा काय दिसंना," असं ती लाडात येऊन बोलली होती. आता भांडण कानावर पडलं तरी कालवण चुलीवर उकळतच होतं. तिनं ते खाल्लं. आणि खरं सांगायचं तर लई चांगलं झालं होतं. इतकं, की रात्री ती नवऱ्याला म्हणाली, "पुन्हा मिळंल का हो असली?"

दुसऱ्या दिवशी सासरे लोहा गावच्या बाजाराला गेले होते. नरसिंगनं मागच्या दारानं आणखी एक मरळ आणली. कुठली, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर खाता आली नसती.

तिसऱ्या दिवसापासून नरसिंग सांजच्याला गळ न घेता नदीवर जायला लागला. परत आला की न विचारता सांगायचा. "पिलं ताटाएवढी जागा धरून हायेत." मग, "आज ताटलीएवढी." मग एक दिवस, "वाटी." बाकीची बगळ्यानं, खंड्यानं, दुसऱ्या माशांनी उचलली. दहाव्या दिवशी तो आला आणि हात धुऊन गपचूप जेवायला बसला. तिला कळलं, की आता सांगण्यासारखं काही उरलं नाही.

म्हणून काय त्यानं मासेमारी सोडली नाही. सोडली असती तर तो साधूच झाला असता, आणि साधूला भामाबाईनं दोन दिवस घरात ठेवला नसता. दिवसा लोकांच्या रानात रोजगार आणि उरल्या वेळात गळ, असं त्याचं आयुष्य गेलं. पाणी तो वाचायचा. भामाबाई चौथीपर्यंत अडखळत वाचायला शिकली, तो तेवढंही नाही, पण नदीचा रंग बघून सांगायचा आज काय मिळंल. गढूळ पूर आला की काठाला, गवताच्या मुळाशी गांडूळ सोडायचं. मासा तिथंच निवाऱ्याला येतो. दिवाळीनंतर पाणी निवळलं की बारीक दोरा, आणि आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. उन्हाळ्यात डोहावर, तेही पहाटंच. कोंबड्याच्या मानेचं तांबडं पीस गळाला बांधून तो पाण्यावर असं नाचवायचा, की माशाला जिता किडाच वाटावा. भामाबाईच्या कोंबड्यानं त्यापायी मान कायमची उघडी मिरवली.

वर धरण झालं तसं नदीचं ताळतंत्र गेलं. पाणी आता पावसानं नाही, सायबाच्या हुकमानं यायचं. तरी आषाढ आला की नरसिंग गळ खुंटीला अडकवायचा, नुसती छडी घ्यायचा आणि बेशरमीच्या बेटाजवळ जाऊन बसायचा. बगळे हाकलायचा. कुणी गळ टाकायला आलं तर भांडायचा. पिलं बोटाएवढी होऊन पांगेपर्यंत. दरसाल.

आणि दरसाल त्या दिवसांत भामाबाईला रांजणात आवाज यायचा. मरळ हवा घ्यायला वर येते तेव्हा होतो तसा, गुबुक. ती झाकणी काढून बघायची. पाणी हलत असायचं आणि आत कुणी नसायचं. गावात दुसऱ्या कुणा बाईला असं झालं असतं तर लिंबू-नारळ उतरवून मोकळी झाली असती. पण हे घर बौद्धाचं. विहारात सांगितलेलं, भूत नाही, खेत नाही, उतारा नाही. पटलेलंही होतं तिला. त्यामुळं तिला भूत लागलं नाही, पण सोडवायचीही काही सोय राहिली नाही.

गेल्या साली नरसिंगची छाती भरायला लागली. नांदेडला नर्स असलेली लेक विशाखा रोज फोनवर ओरडायची, "आई, बाबांना नदीची उतरण उतरू देऊ नको!" भामाबाई "हाव, न्हाई उतरू देत" म्हणायची. पण त्याला घरी डांबलं आणि बेटावर कुणी गळ टाकला, तर ह्या वयात त्याला पुन्हा ताटलीची वाटी झालेली बघावी लागंल. तेवढं त्याच्या छातीला झेपणार नाही, हे डॉक्टरापेक्षा तिला जास्त कळत होतं.

तसंच झालं असतं. लातूरचा उमाशंकर, कापडदुकानदार, गळाची चकाकती छडी आणि गळाला लावायचा रबरी बेडूक घेऊन आला. बेडूक बरोबर लाल पाण्यावर पडणार, तेवढ्यात नरसिंगनं ढेकूळ हाणलं. पाणी उडालं, पिलं खाली गेली, उमाशंकरही भिजला. शिव्या दोन्हीकडून झाल्या. मग नरसिंगला असा दम लागला की उमाशंकरनंच त्याला धरून घरी आणलं.

"अप्पा, आमच्या घरचा चहा चालंल का?" भामाबाईनं विचारलं.

"चहाला काय झालं, मावशी? साखर तेवढी कमी टाका." तो हसला. "अन् मामा, उगाच तापले. मी खातबी नाही. आम्ही लिंगायत. धरतो, फोटो काढतो, सोडून देतो."

"खायचं न्हाई तर धरायचं कशाला? फोटो मरळीला नेऊन देता का?" नरसिंगनं विचारलं.

उमाशंकर पुन्हा हसला. "बरं, नाही टाकत पिलांवर. पण मामा, एक मासा गेला म्हणून पिलं उघडी पडत नाहीत. मरळीचं जोडपं असतं. एक गेला तर दुसरा राखतो."

नरसिंगची बशी ओठाला लागली होती, तिथंच थांबली.

उमाशंकर गेल्यावर तो उंबऱ्यात येऊन बसला. मग म्हणाला, "भामे, दुसरी मरळ बी तिथलीच होती. पिलांकडं जोरात येताना दिसली. मला वाटलं, खायला आली. वैरी मारला म्हणून खूश होऊन घरी आणली मी."

भामाबाईला रांजण ऐकू आला. ह्या वेळी तिनं झाकणी काढली नाही.

"बाबा बोलले ते सगळं मी कुडाआडून ऐकलं होतं," ती म्हणाली. "तरी रात्री पुन्हा मागितली."

"तू मासा मागितला. बेट मी निवडलं."

"खाल्ली दोघांनी."

"हाव," तो म्हणाला. "दोघांनी."

त्यानंतर चार दिवसांनी, सांजच्याला, नरसिंगनं छडी घेतली. भामाबाईनं विशाखाचा फोन वाजू दिला, उचलला नाही. तो उतरणीनं हळूहळू खाली गेला, दोन ठिकाणी टेकला, दिसेनासा झाला. अंधारायला लागलं तसा तिनं चुलीवर चहा ठेवला. उतू जायच्या आत तो परत यायचा, तसा आला. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. त्यानं छडी खुंटीला अडकवली. ती पुन्हा कुणी काढली नाही, अजून तिथंच आहे.

"किती?" तिनं विचारलं.

"परात," तो म्हणाला. "अन् राखणारी दोघं बी हायेत."

तिनं त्याच्यापुढं चहा सरकवला.