आयचे दात

“तोंड बंद करा, बाई.”

दातांच्या कॉलेजचे डीनसाहेब माझ्या आयला म्हणाले. आवाज चढवला नाही. नुसती मान वळवली आणि खिडकीबाहेर बघत बसले. आय तशीच उभी. तोंड उघडं, बोटानं रिकामी हिरडी दाखवत. मागच्या सोफ्यावर आपल्या मुलीला घेऊन बसलेला एक बाप हसला.

आय भांडत नव्हती. ओळख सांगत होती.

आम्ही मनोरीचे कोळी. आय मालाडला मासळी विकते. मी बारावीत असताना याच कॉलेजची बस आमच्या गावात आली होती. फुकट दात तपासायला. मिश्री लावून लावून आयचे दात हलायला लागले होते, समोरचे सगळे काढले. काढणारी मुलगी शिकाऊ डॉक्टर. ती म्हणाली, “मावशी, हे दात आम्ही ठेवू का? पहिल्या वर्षाच्या मुलांना अभ्यासाला लागतात.”

आय हरखली. “ठेव गो. मी कधी शालंन गेली नाय, माजे दात तरी जातील.”

पुढे कितीतरी दिवस तिनं हे अख्ख्या बाजाराला सांगितलं. कवळी मात्र झाली नाही. कवळीसाठी अंधेरीला कॉलेजात खेपा घालायच्या, म्हणजे धंदा बुडवायचा, वर कवळीचे पैसे वेगळे. राहून गेलं. तेव्हापासून आय हसते ती तोंडाला पदर लावून.

मी दातांची डॉक्टर व्हायचं ठरवलं ते त्या पदरापायी. दुसरं काही मोठं कारण नव्हतं.

सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं. नाव लागलं ते याच कॉलेजात. आयला वाटलं, देवानंच आपल्या ओळखीच्या घरी पाठवलं. फीला सवलत होती. पण डिपॉझिट, हत्यारांचा संच, कसले कसले फंड, हे सगळं आधी भरायचं. पावसाळाभर आमच्या बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. नारळी पुनवेला नुकत्या कुठं समुद्रात उतरल्या होत्या. फीची तारीख नेमकी तेव्हाच आली.

“सायब, दिवालीपरीत थांबा,” आय म्हणाली. “मासली लागली का सगलं भरताव.”

“नियम सगळ्यांना सारखा आहे,” साहेब म्हणाले.

मग तिनं आपल्याकडचं होतं नव्हतं ते पुढे केलं. “माजे दात तुमच्याच कालेजान हान, सायब. आमी काय परके नाय.” आणि पदर बाजूला करून तोंड उघडलं. माझ्या आयनं परक्या माणसासमोर पदर काढला होता. माझ्यासाठी.

तेव्हा ते ‘तोंड बंद करा’ म्हणाले. मग माझ्याकडे एक रंगीत पत्रक सरकवलं. “बेटा, इथली बहुतेक मुलं घरचं क्लिनिक असलेली. खर्च पुढेही संपत नाही. तू असिस्टंटचा कोर्स कर. डॉक्टरांच्या हाताखाली छान तयार होशील.”

मायेनं म्हणाले. ती माया जास्त लागली.

मी पत्रक परत सरकवलं. “मला हाताखाली राहायचं नाही. आणि माझ्या आयशी बोलताना तिच्याकडे बघा.”

त्यांनी बघितलं नाही. शिपायानं पुढचं नाव पुकारलं. सोफ्यावरची मुलगी उठली.

बाहेरच्या बोळात काचेचं कपाट होतं. त्यात एक मोठी बरणी, दातांनी भरलेली. काही पिवळे, काही मिश्रीनं काळपटलेले. आयनं काचेला कपाळ टेकलं आणि किती तरी वेळ आत बघत राहिली.

“यातले माजे कंचे असतील गो?”

मी तिथंच रडले. ओक्साबोक्शी. सुटाबुटातले आईबाप बाजूनं जात होते.

मार्वेहून परत येताना फेरीबोटीत आय पाण्याकडे तोंड करून बसली. तिला हसायला कोणी नव्हतं, तरी पदर तोंडावर होता. माझी जागा गेली. कोणाला गेली, मी विचारलं नाही. ते दुखणं अजून गेलेलं नाही, जाईल असं वाटतही नाही.

परवा कॉलेजची बस पुन्हा गावात आली. शेजारच्या म्हातारीचा दात काढला आणि एका मुलानं गोड हसून विचारलं, “आजी, दात आम्ही ठेवू?” म्हातारी हो म्हणणारच होती. मी मधे उभी राहिले.

“दात काढा. औषध द्या. दात तिच्या हातात द्या.”

“अगं, अभ्यासाला लागतात,” तो म्हणाला.

“तुझ्या वर्गात आमच्यातलं कोण आहे?”

तो मित्रांकडे बघायला लागला. म्हातारीनं दात रुमालात बांधून कमरेला खोचला.

मी पुन्हा परीक्षेला बसतेय. नाव लागेल की नाही, ठाऊक नाही. पण बस येईल तेव्हा मी तिथं असेन, आणि हेच विचारीन. उत्तर मिळेपर्यंत आमच्या गावाचा एकही दात त्या बरणीत जाणार नाही.