कान्नो-सान बार का काढत नव्हते

म्हाताऱ्या माणसांवर चिडायचं नाही हे मला लहानपणापासून बजावलेलं, पण कान्नो-सानांवर मी पहिल्याच दिवशी चिडले. एदोगावा भागातल्या आमच्या स्टेशनजवळच्या सायकल पार्किंगमध्ये ते राखणीचं अर्धवेळ काम करायचे. तोयोसुच्या ऑफिसला उशीर झालेला असायचा, मी सायकल कशीबशी टेकवून पळायचे, आणि मागून हाक यायची, "अपूर्वा-सान, चाक जरा रेघेच्या आत घ्याल का?" नाव त्यांनी सायकलवरच्या स्टिकरवरून पाठ केलेलं. बोलणं इतकं अदबीचं, की भांडायची सोय नाही.

एकदा नोव्हेंबरात ते मला असंच काहीतरी ऐकवत असताना मधेच गप्प झाले आणि मान वर करून बघत राहिले. डोक्यावरून बदकांची रांग नदीकडे चालली होती. ती दिसेनाशी झाली तरी हे आपले वरच बघतायत. मी म्हटलं, "अहो, चाक घेतलं आत." तेव्हा ते हसले. त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

ते फुकुशिमाच्या किनाऱ्याकडचे भातशेतकरी. बायको भूकंपाच्या खूप आधी गेलेली. हिवाळ्यात शेतं मोकळी झाली की बदकांची शिकार करायची, हे तरुणपणापासून चालत आलेलं. २०११च्या मार्चमध्ये अणुभट्टीचं ते झालं आणि गाव रिकामं करायला बस आली. तेव्हापासून ते आमच्याकडच्या सरकारी इमारतीत एका खोलीत राहत होते. बंदूक एका दुकानात ठेवायला दिलेली. ती तीन वर्षं वापरली नाही तर परवाना जातो, आणि दोन हिवाळे असेच गेले होते.

तिसऱ्या हिवाळ्यात त्यांनी संकोचत विचारलं, इबाराकीतल्या एका तळ्यापर्यंत कुणी गाडीनं सोडेल का. त्यांची स्वतःची गाडी भूकंपानंतरच्या लाटेत वाहून गेली होती. मी शाकाहारी घरातली, अंडंसुद्धा उंबऱ्याबाहेर खाल्लेलं. तरी मी हो म्हणाले. का म्हणाले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. त्यांच्या वयाचा माणूस माझ्याकडे काही मागत होता, एवढंच मला दिसलं.

शिकार म्हणजे काहीतरी धावपळ असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात उजाडायच्या आधी लव्हाळ्यात जाऊन बसायचं, बस्स. चिखल बर्फासारखा गार, पायांची बोटं आहेत की गेली ते कळत नाही, नाक गळतंय, आणि बोलायचं नाही. माझ्यासारखीला शेवटची अट सगळ्यात जड. उजाडल्यावर बदकं आली. कान्नो-सानांनी बंदूक खांद्याला लावली, नळी बदकांबरोबर फिरवत नेली, आणि खाली घेतली. पुढच्या थव्यालाही तेच. त्यानंतरच्या रविवारीही तेच.

तिसऱ्या खेपेला माझा संयम सुटला. थर्मासमधला चहा ओतत मी म्हटलं, "कान्नो-सान, बदकं काय तुमची नातेवाईक आहेत? परवाना जाणार आहे ना तुमचा?"

"बदक पाण्यात पडतं," ते म्हणाले. "आणणार कोण?"

मग गोनबद्दल कळलं. गोन त्यांचा शिकारी कुत्रा. कुत्र्याला पोहायला शिकवावं लागत नाही, ते म्हणाले, स्वस्थ बसायला शिकवावं लागतं. शेजारी बार उडाला, समोर बदक पडलं, तरी 'जा' म्हटल्याशिवाय जागचं हलायचं नाही. हे अंगी बाणवायला त्यांना दोन हिवाळे लागले होते. गोन थंडीनं थरथरायचा, पण हलायचा नाही.

"एवढे हाल कशासाठी काढायचे पण?" मी विचारलं. "दुकानात मिळतं की बदक."

ते तळ्याकडे बघत म्हणाले, "बदक जेवणापुरतं. बऱ्याचदा तेही नाही. पण अंधारात बसलं की गोनची ऊब मांडीला लागायची. वरून पंखांचा आवाज आला की तो आणि मी एकदमच मान वर करायचो. बायको गेल्यावर माझ्याबरोबर असं वर बघणारं दुसरं कुणी नव्हतं."

"मग गोन आता कुठे आहे?"

"बसमध्ये जनावरं घेणार नव्हते. दोन-तीन दिवसांत परत याल असं सांगितलं होतं." त्यांनी चहाचा पेला दोन्ही हातांत धरला. "लोक म्हणतात, बांधलं नसशील तर सुटला असेल, कुणीतरी नेला असेल. मी बांधलं नव्हतंच. तो बसमागे धावत आला असता, म्हणून मी त्याला ओसरीवर बसवलं आणि 'थांब' म्हणालो."

बार काढला की पुढचा शब्द 'जा'. तो शब्द ज्याला म्हणायचा तो कुठल्यातरी ओसरीवर वाट बघत बसला होता, आणि यांना तिथे जायची परवानगी नव्हती. बार नाही काढला तर बंदूक जाणार. बंदूक गेली की गोन परत येणार नाही हे स्वतःच्या हातानं लिहून दिल्यासारखं होणार. मला त्यांची इतकी दया आली, की घरी आल्यावर मी जेवायलाही बसले नाही. सारंगनं, माझ्या नवऱ्यानं, तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं.

फेब्रुवारीत मोसमाच्या शेवटच्या दिवशी मी रजा टाकली. त्या पहाटे बारीक बर्फ पडत होता. एकच बदक आलं, एकटं, खालून. कान्नो-सानांनी बंदूक उचलली आणि या वेळी बार उडाला. बदक तळ्याच्या मध्यावर पडलं.

"जा," ते म्हणाले.

इतक्या वर्षांची सवय, तोंडातून आपोआप निघून गेलं. आपलाच आवाज ऐकून ते दचकले. शेजारच्या रिकाम्या गवताकडे बघितलं, बंदूक उघडून बाजूला ठेवली आणि मटकन खाली बसले. बदक तिकडे हळूहळू वाहत चाललं होतं. ते उठेनात. मी हाक मारली, तरी नाही.

मग मीच उतरले. त्यांनी मला दिलेले रबरी बूट जेमतेम गुडघ्यापर्यंत, पाणी मांडीच्या वर. मधे पाय घसरला आणि मी नखशिखांत भिजले. आयुष्यात पहिल्यांदा मेलेला पक्षी हातात धरला. तो अजून गरम होता, आणि मला रडू यायला लागलं. तशीच दात वाजवत परत आले. काठ उंच होता, म्हणून पाण्यात उभी राहूनच मी बदक वर धरलं.

कान्नो-सानांनी ते अलगद काढून घेतलं. मग त्यांचा दुसरा हात माझ्या ओल्या डोक्यावर आला आणि मागे मानेपर्यंत दोनदा फिरला.

"शाबास," ते म्हणाले. "खूप वेळ बसलास. चल, घरी जाऊ."

एवढ्या ओळखीत त्यांनी मला एकदाही एकेरी हाक मारली नव्हती. मी मान वर केली नाही. त्यांचं बोलून होईपर्यंत तशीच पाण्यात उभी राहिले.