हाताची खांदशेकणी

मी तशी घाबरट नाही. घरात साप निघाला तर काठी मी आणते, नवरा खाटेवर चढतो. पण उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, एका सकाळी चहाचा कप हातातून सुटला आणि माझं धाबं दणाणलं. माझ्या बापाचा लकवा असाच सुरू झाला होता, हातातून कप सुटून. पुढे तो खाटेवरून उठलाच नाही. त्याचा उजवा हात मी उचलून पुसायची आणि परत खाली ठेवायची. तो हात स्वतःहून कधी हलला नाही. ही भीती मी घरात कोणाला बोलून दाखवली नाही.

दारव्ह्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, यवतमाळला जाऊन नसांची तपासणी करून घ्या. हाताच्या नसेला बारीक करंट देतात आणि तो किती वेगानं पळतो ते मशीनवर बघतात. नंबर लागला तो नेमका पोळ्याच्या आदल्या दिवसाचा. फोनवरच्या पोरीनं बजावलं, "हाताला तेल लावून येऊ नका." मी ते सासूला जसंच्या तसं सांगितलं, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून खांदे आंबलेले असतात, त्यांना तूप-हळद चोळायची आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. हे सांजेचं काम. पण मी सकाळी एसटीसाठी निघाले, तर सासू तूप-हळदीची वाटी घेऊन दारातच उभी.

"बस इकडे. बैलाइची सांजेले करू, तुई आत्ताच करतो."

"आत्याबाई, मी काय बैल हाय?"

"बैलापेक्षा कमी राबली काय तू या घरात?"

"अन् ते डॉक्टर नाही म्हणाले ना..."

"तेल नाही म्हणाले. हे तूप हाय!"

कप्पाळ माझं! खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत तिनं माझा हात असा रगडला की तो पिवळाधमक झाला. वर बैलांना म्हणतात तेच, अगदी गंभीर चेहऱ्यानं, मला हात जोडून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी हसून हसून खाली बसले. मग हात धुऊन तीही माझ्यासोबत निघाली. एसटी चुकता चुकता मिळाली.

तपासणीच्या खोलीत एक तरुण पोरगी होती. तिनं माझ्या अंगठ्यापाशी तारेची चकती चिकटवली, ती घसरली. पुन्हा चिकटवली, पुन्हा घसरली. तिनं बाही वर सरकवली आणि पाहतच राहिली.

"ताई, हे काय लावलंय?"

"घरचं तूप," सासू कोपऱ्यातून ऐटीत म्हणाली.

पोरीनं स्पिरिटचे बोळे घेऊन माझा हात घासायला घेतला. एक बोळा पिवळा, दुसरा पिवळा, तिसराही पिवळाच. इकडे सासूचा जीव खालीवर. "अवं बाई, हळू! इतकं चांगलं तूप पुसून राह्यली!" मला जे हसू फुटलं ते आवरेचना. पोरगी आधी चिडली, मग तीही ओठ चावून हसायला लागली. "ताई, हात ढिला सोडा. तुम्ही हसता तर स्क्रीनवर रेघा नाचून राह्यल्या!" आता रेघा नाचतात म्हटल्यावर कोण हसू दाबेल?

शेवटी चकत्या बसल्या. पोरीनं मनगटावर एक दांडी टेकवली आणि टक्क! करंट बसला. माझा अंगठा आपोआप टुणकन उडाला. मी "माय वं!" म्हणून ओरडले. पुन्हा टक्क, पुन्हा उडी.

"उडला! उडला!" सासू खुर्ची सोडून उठली आणि चक्क टाळ्या वाजवायला लागली. "पाह्य, पाह्य, जिता हाय हात!"

मग मी तिच्याकडे पाहिलं. टाळ्या वाजवता वाजवता ती रडत होती. म्हणजे इतके दिवस हिच्याही डोळ्यांसमोर माझ्या बापाची खाटच होती तर! मला हसू येत होतं, रडू येत होतं आणि मध्येच करंटही बसत होता. असली गंमत कोणाच्या वाट्याला येऊ नये, आणि आली तर सासूसोबतच यावी.

मग दुसऱ्या हाताचीही तपासणी झाली. रिपोर्ट बघायला डॉक्टरांना दोन मिनिटं लागली असतील, पण सासूनं माझा दंड सोडला नाही. ते म्हणाले, "हा लकवा नाही. मनगटात नस दबली आहे." पट्टा बांधायचा, हाताला आराम द्यायचा, पिळायचं नाही, मळायचं नाही. परतीच्या एसटीत सासूनं कंडक्टरपासून मागच्या सीटपर्यंत सगळ्यांना सांगितलं की तिच्या सुनेचा अंगठा उडते.

पोळ्याच्या दिवशी मी सवयीनं पहाटेच चुलीकडे गेले. तिथं पुरणाची डाळ शिजत होती आणि सासूनं मला खांद्याला धरून बाहेर काढलं. दुपारी पोळा फुटला. सजलेले बैल दारी आले, त्यांनी पुरणपोळी खाल्ली. दरवर्षी मी सगळ्यांच्या मागून जेवते. यंदा बैलांच्या पाठोपाठ पहिलं ताट माझ्यासमोर आलं.

"मले काहून?" मी विचारलं.

"कालचं आवतन इसरली काय?"

उजव्या हाताला पट्टा, म्हणून तुपात बुडवलेला पहिला घास तिनंच भरवला. मी गडबडीनं उठले, म्हटलं, बाकीच्यांना तरी वाढते. तिनं माझा पदर ओढून मला खाली बसवलं.

"बस मुकाट्यानं! पोळ्याच्या दिवशी बैल कामाले जाते काय?"